बाटली स्टीलची घेतली, पण झाकणाचं काय?

अनगोळची_अक्का
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. लेक यंदा सहावीत जाईल. शाळेनं चिठ्ठी पाठवलीय, जूनपासून प्लास्टिकची बाटली आणायची नाही. चांगलंच आहे की. पण त्या निमित्तानं मी काल कपाटावरचा कप्पा उघडलो आणि तिथंच खाली बसलो. नऊ बाटल्या निघाल्या! दोन लग्नात आहेर म्हणून मिळालेल्या, एक संक्रांतीच्या वाणातली, एक ह्यांच्या ऑफिसची दिवाळीची, बाकीच्या लेकीच्या. नवातली एकही फुटलेली नाही आणि एकही वापरायच्या लायकीची नाही.

म्हणजे बघा, एकीची नळी पिवळी पडून चिकट झालीय. एकीच्या झाकणाची बिजागरी तुटली. एक स्टीलची, चांगली साडेपाचशेची, अंगावर चरा नाही, पण झाकणातलं रबर धुताना बेसिनमधून वाहून गेलं. तेव्हापासून दप्तरात गळते. तिनं मी तुळशीला पाणी घालतो. आणि एक दाबलं की टप्पकन उघडणारी. तिचं रबर सुईनं उचकटून बघितलो तर आत काळी बुरशी. पोर वर्षभर त्यातनं पाणी पीत होती. काल रात्री मला झोप लागली नाही.

तर आता सांगा. स्टील घ्यायचं तर कुठलं? तांब्याची बाटली रोज चालते काय? 'बीपीए फ्री' लिहिलेलं प्लास्टिक खरंच बरं असतं, की नुसतं स्टिकर? घरी नळाचं पाणी आहे, कमी पडलं की बोअरचं.

वडगावचा_माग
सोमवार, रात्री १०.०५

एवढा विचार कशाला ओ अक्का? आमच्या मागाजवळ दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली खिळ्याला टांगलेली असते. चार वर्षं तीच. आम्हाला काय झालंय?

उद्यमबागवाला
सोमवार, रात्री ११.२०

अक्का, स्टीलचं मी सांगतो. पंचवीस वर्षं फौंड्रीत काढलीत.

भांड्याचं स्टील म्हणून बाजारात येतं त्यात मुख्य दोन घराणी. एक ३०४, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, म्हणून त्यालाच १८/८ पण म्हणतात. दुसरं २०१-२०२. निकेल महाग, म्हणून ते कमी करून मँगनीज वाढवलेलं. नवी असताना दोन्ही सारखीच चमकतात. फरक कळतो तो पुढं, मीठ-लिंबाचं पाणी पोटात गेल्यावर. हलक्या स्टीलला सांध्याजवळ तांबूस ठिपके दिसायला लागतात. ३१६ म्हणून आणखी वरचं असतं, त्यात दोनेक टक्के मॉलिब्डेनम. ते समुद्राच्या खाऱ्या हवेला लागतं. शाळेच्या पाण्याला त्याचे जादा पैसे मोजायचं कारण नाही.

लोक खिशात लोहचुंबक घालून दुकानात जातात. चिकटलं नाही म्हणजे ३०४, असा समज. साफ चूक. २०२ ला पण चुंबक धरत नाही. उलट चांगल्या ३०४ च्या बाटलीला गळ्याशी आणि तळाच्या कोपऱ्यात थोडं धरतं, कारण थंड पत्रा ओढून ताणला की त्याची आतली रचना बदलते. चुंबकानं फक्त ४०० च्या घराण्यातलं, म्हणजे निकेल जवळजवळ नसलेलं स्टील ओळखता येतं, बस्स. नक्की बघायचं तर स्पेक्ट्रो, म्हणजे धातूत काय किती आहे ते दाखवणारं यंत्र लागतं. नाहीतर भंगारवाले वापरतात तो ड्रॉप, थेंब टाकून बॅटरीची वायर लावायची, मँगनीजवालं असलं तर थेंब लाल होतो. दुकानदार नव्या बाटलीवर हे करू देईल काय?

म्हणून खूण बघायची. २०२३ साली केंद्र सरकारनं पाण्याच्या धातूच्या बाटल्यांना भारतीय मानक ब्युरोची आयएसआय खूण सक्तीची करणारा आदेश काढला. खुणेच्या वर मानकाचा नंबर असतो, तांबं, स्टील, अ‍ॅल्युमिनियमच्या पाण्याच्या बाटलीला आयएस १७८०३. रस्त्यावर ढीग लावून विकतात त्यावर ही खूण शोधून बघा, मग किंमत कमी का ते कळेल.

आता दुहेरी भिंतीची थर्मास बाटली. दोन भिंतींमधली हवा काढलेली असते म्हणून आतलं तसंच गार किंवा गरम राहतं. त्यावर '३०४' लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा आतल्या भिंतीपुरतं. बाहेरची २०१ असते. पाण्याला लागत नाही, चालतं, पण आपण पैसे मोजतो ते सगळी ३०४ समजून. काही थर्मासमध्ये हवा काढल्यावर तळाचं भोक बुजवायला शिसं असलेली गोळी वापरतात आणि वर पत्र्याची टोपी बसवतात. २०२४ च्या जानेवारीत एका मोठ्या अमेरिकी कंपनीनं हे स्वतःच सांगितलं. टोपी जागेवर आहे तोवर शिसं कुणाच्या तोंडाला लागत नाही. टोपी निखळली की मात्र बाटली सरळ भंगारात, तुळशीला पण नको.

आणि सहावीच्या पोरीच्या दप्तरात ते वजन कशाला? एक लिटरची दुहेरी बाटली रिकामीच जवळजवळ अर्धा किलो भरते. आपलं बेळगाव गरिबांचं महाबळेश्वर, इथं थर्मास लागते काय? एकेरी भिंतीची घ्या.

पुण्याची_सून
मंगळवार, सकाळी ८.१५

धागा छान चाललाय, पण एक अवांतर शंका, रागावू नका. अक्का या खरं तर काका आहेत का? 'मी उघडलो, मी बसलो, मी बघितलो'?

अनगोळची_अक्का
मंगळवार, सकाळी ८.३०

बाईच आहे ओ मी! बेळगावात बायका 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात. कन्नडात 'नानु बंदे' बाई पण म्हणते, बाप्या पण म्हणतो, कुणाचं काही अडत नाही. सासर पुण्याचं असलं तरी माहेर कुठलं ते सांगा, आणि बाटलीवर या.

पुण्याची_सून
मंगळवार, सकाळी ८.४२

माहेर सोलापूर. पडलं पदरात. :)

निवृत्त_मास्तर
मंगळवार, सकाळी १०.००

मागवाल्या दादांचं 'आम्हाला काय झालंय' हे वाक्य मी रसायनशास्त्राच्या तासाला वर्षानुवर्षं ऐकलंय, बहुतेक वेळा मागच्या बाकावरून.

बाटली उलटी करा. तळाला त्रिकोणात आकडा असतो. कोल्ड्रिंकच्या आणि विकतच्या पाण्याच्या बाटलीवर १ दिसेल. ते पेट नावाचं प्लास्टिक. एकदा भरायला, एकदा प्यायला ते ठीक आहे. साधारण ७० अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, म्हणून कढत पाण्यानं विसळली की बाटली आक्रसते. ते तयार करताना अँटिमनी नावाचं धातूसारखं मूलद्रव्य वापरतात, आणि बाटली तापली की त्याचा अंश पाण्यात जास्त उतरतो. एप्रिलमध्ये बंद गाडीत काचेमागं पडून राहिलेलं पाणी पिऊ नये, ते यासाठी. पण खरं सांगू का? मागाजवळच्या त्या बाटलीत मला अँटिमनीपेक्षा जंतूंची भीती जास्त वाटते. तिचा गळा अरुंद. हात जात नाही, ब्रश जात नाही, गरम पाणी तिला सोसत नाही. म्हणजे ती धुवायची सोयच नाही. दादा, उद्या आत बोट घालून बघा, बुळबुळीत लागतं का.

५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, चांगल्या डब्यांचं प्लास्टिक, गरम सोसतं. २ आपल्या ओळखीचं, दुधाच्या कॅनचं. प्लास्टिकच घ्यायची वेळ आली तर ही दोन. ३ आणि ६ च्या वाटेला पाण्यासाठी जाऊ नका. ७ हा घोटाळ्याचा आकडा, कारण त्याचा अर्थच 'इतर'. जुनं काचेसारखं कडक पॉलिकार्बोनेट पण ७ आणि नवं ट्रायटान नावाचं प्लास्टिक पण ७. पॉलिकार्बोनेट बिस्फेनॉल-ए पासून करतात, तेच तुमचं बीपीए. शरीरातल्या संप्रेरकांसारखं वागायची त्याला खोड आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये त्याची रोजची सोसण्याजोगी मात्रा आधीच्यापेक्षा २० हजार पटींनी खाली आणली. २०२४ च्या डिसेंबरात युरोपीय संघानं खाण्यापिण्याला लागणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदीच घातली. आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या बाटलीत ते चालत नाही, २०१५ च्या मानकापासून. 'बीपीए फ्री' हे स्टिकर खोटंच असतं असं मी म्हणणार नाही. पण बीपीए काढून त्याचा चुलतभाऊ बीपीएस घातला तरी स्टिकर खरंच राहतं, एवढं ध्यानात ठेवा.

आणि जे लोक म्हणतात की बाहेर गेल्यावर विकतची बाटली घेणं सगळ्यात सुरक्षित, त्यांच्यासाठी: अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन कंपन्यांचं बाटलीबंद पाणी तपासलं, २०२४ च्या जानेवारीत निष्कर्ष छापून आले. लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार प्लास्टिकचे कण, त्यातले ९० टक्के नॅनो, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे.

वडगावचा_माग
मंगळवार, दुपारी १.१०

मास्तर, बोट घालून बघितलो. बुळबुळीत. बाटली टाकली. आता तांब्या आणि पेला ठेवलाय, पण मागाचा कोंडा पडतोय त्यात. झाकणाचं बघावं लागेल.

खानापूरची_वैनी
मंगळवार, दुपारी ३.२५

तांब्याच्या बाटलीबद्दल मी सांगतो, कारण फी भरून शिकलोय. गेल्या वर्षी पोराच्या सहलीला मी हौसेनं तांब्याच्या बाटलीत कोकम सरबत भरून दिलो. घरचे रातांबे, गूळ घालून केलेलं. सकाळी सातला भरलं, पोरानं बारा वाजता प्यायलं. तोंडाला धातूची चव, मग उलट्या, सहल गेली झाडाखाली. डॉक्टरांनी विचारलं, आंबट घातलं होतं काय तांब्यात? मी गप्प. माझी सासू होती तोवर ताक पितळेत ठेवू देत नव्हती कल्हईशिवाय, आणि मी शिकली-सवरलेली बाई.

निवृत्त_मास्तर
मंगळवार, दुपारी ४.००

वैनी, मनाला लावून घेऊ नका, पोर सुखरूप आहे ना. आंबट पदार्थात तांबं झपाट्यानं विरघळतं. लिंबू, कोकम, चिंच, ताक, यातलं काहीही तांब्यात घालायचं नाही.

साध्या पाण्याची गोष्ट वेगळी. बेंगळूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मुद्दाम जुलाबाचे जंतू मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं. जंतू वाढवून बघितले तर वाढले नाहीत, आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या आत होतं. ती मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम. आपलं भारतीय मानक जास्त कडक, ०.०५ मिलिग्रॅम अपेक्षित आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. तेव्हा रात्री भरून सकाळी प्यावं, दिवसभर त्यातच पुन्हा पुन्हा भरून साठवू नये. तांब्यानं जंतू मरतील, पण बोअरच्या पाण्यातले क्षार किंवा नायट्रेट त्यानं जात नाहीत. आणि बाटली आतून लाखेसारख्या पारदर्शक थरानं रंगवलेली असेल तर तांब्याचा उपयोग शून्य, फक्त किंमत तांब्याची.

कणकुंबीकर
मंगळवार, रात्री ९.००

तुमचं सगळं वाचून आमच्या आज्जीचा फिरकीचा तांब्या माळ्यावरनं काढला. पितळेचा, आतनं कल्हई, वर आट्याचं झाकण आणि त्यालाच धरायची कडी. सौंदत्तीच्या यल्लम्माला बैलगाडीनं जायचे तेव्हाचा. घरात सगळ्यात म्हाताऱ्या माणसापेक्षा तो मोठा आहे. पाणी भरून उलटा करून बघितला. एक थेंब सुटला, दुसऱ्याला वेळ लागला.

त्यात रबर नाही. नळी नाही, स्प्रिंग नाही, बटण नाही. कल्हई उडाली तर कल्हईवाला, पोचा पडला तर कासार. अक्काच्या नऊ बाटल्यांची हकिकत पुन्हा वाचा, एकही अंगानं मेलेली नाही. सगळ्या झाकणानं मेल्यात. आपण कालपासून धातूवर बोलतोय, ३०४ की २०२, तांबं की प्लास्टिक, आणि घोडं अडलंय पाच रुपयांच्या रबरावर.

दुसरं, माझ्या दारातलं. मलप्रभेचा उगम आमच्या गावात, माउलीच्या देवळाजवळ. पावसाळ्यात रविवारी चोर्ला घाटाकडं गाड्यांची रांग लागते. सोमवारी सकाळी ओढ्याच्या कडेला रिकाम्या बाटल्या. एक मोठा पाऊस आला की त्या नदीत, आणि हीच मलप्रभा पुढं सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणाला जाते. आज्जीचा तांब्या बैलगाडीतनं गेला तिथंच ह्या बाटल्या फुकट वाहत जातात.

उद्यमबागवाला
मंगळवार, रात्री ९.३०

हे झाकणाचं पटलं. मशीनमध्ये पण बॉडी कधी जात नाही, सील जातं.

खडेबाजारातलं_दुकान
बुधवार, सकाळी ९.५०

धंद्यातला माणूस आहे, खरं ते सांगतो. गिऱ्हाईक बाटली घेताना आधी रंग बघतं, मग किंमत, मग झाकण किती वेगळं उघडतं ते. पोरांना टप्पकन उघडणारं लागतं, आयांना गळू नये असं लागतं, ह्या दोन्हीत रबर आणि स्प्रिंग वाढत जाते. सहा महिन्यांनी तीच बाई झाकण घेऊन येते, 'ह्याचा वॉशर द्या'. माझ्याकडं कुकरचा वॉशर आहे, मिक्सरच्या भांड्याचा आहे, डब्याचा आहे. बाटलीचा नाही. एकाच कंपनीच्या दोन बाटल्यांचं माप जुळत नाही ओ. घाऊकवाल्याला विचारलं तर म्हणतो नवीन बाटली विका की.

तुम्ही दुकानात आलात की एवढं करा. झाकण उघडा, नखानं रबर बाहेर काढा आणि परत बसवा. निघत नसेल तर ती घेऊ नका, कारण धुताना पण निघणार नाही. मग आत मूठ घालून बघा. मूठ नाही तर निदान चार बोटं. दुकानदार चिडला तर चिडू दे. माझ्याकडं केलात तर मी चिडणार नाही, वचन.

अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या बाटल्या पण येतात, पोरांना आवडतात. त्यांना आतनं थर दिलेला असतो, कारण नुसत्या अ‍ॅल्युमिनियमला आंबट चालत नाही. बाटली आपटून पोचली की तो थर तडकतो, आणि शाळेत बाटली आपटणारच. मी ठेवणं बंद केलोय.

निपाणीची_सुमती
बुधवार, सकाळी ११.३०

धुण्याचं कुणी लिहिलंच नाही म्हणून मी. आमच्या ह्यांचा धंदा तंबाखूचा, त्यामुळं घरातल्या प्रत्येक वस्तूचा वास काढण्यात माझी हयात गेलीय.

बोअरच्या पाण्यानं आत पांढरा थर बसतो तो चुन्याचा. अर्धी बाटली व्हिनेगर, अर्धी पाणी, अर्धा तास. व्हिनेगर नसेल तर दोन लिंबं. हे स्टीलला आणि काचेला, वैनींच्या तांब्याला नाही! तांब्याला आपली चिंच-मीठ, चोळायचं आणि लगेच धुवायचं. तळाला चिकटलेलं काढायला मूठभर कच्चे तांदूळ, चमचाभर मीठ, थोडं पाणी घालून खुळखुळ हलवा, ब्रशपेक्षा बरं निघतं. वास येत असेल तर खायचा सोडा घालून रात्रभर. ब्लीचिंगचं पाणी स्टीलमध्ये नको, क्लोरीननं त्याला बारीक छिद्रं पडतात. रबर आठवड्यातनं एकदा बाहेर काढून चोळायचं, आणि बेसिनमध्ये नाही, वाटीत! अक्कांना कळलं असेल का ते.

आणि धुतल्यावर लगेच झाकण लावून कपाटात ठेवू नका. उघडीच पालथी घाला. बुरशी पाण्यानं होत नाही, बंद ओलीनं होते.

थर्मासमध्ये दूध आणि उसाचा रस ठेवणाऱ्यांना देव सद्बुद्धी देवो. आमच्या भाच्यानं ठेवलेला रस दुसऱ्या दिवशी उघडला तर झाकण छताला.

खानापूरची_वैनी
बुधवार, दुपारी १२.१५

मातीच्या बाटलीबद्दल कुणी विचारलं नाही, पण खानापूरची म्हणून लिहितो. आमच्याकडची माती भांड्याला आणि कौलाला नावाजलेली, केंद्र सरकारची कुंभारकामाची संस्था पण खानापुरातच आहे. मार्च ते मे घरात मातीची बाटली असते, पाणी झिरपून वाऱ्यानं सुकतं म्हणून गार होतं. जून लागला की उपयोग संपला, कारण हवाच ओली, सुकणार काय? आणि शाळेला देऊ नका, दप्तर एकदा आपटलं की खापरी. आतनं चकचकीत रंग दिलेली तर घरातही नको, त्या चकाकीत शिसं असू शकतं.

हिंडलग्याच्या_बाई
बुधवार, दुपारी ४.४०

शाळेच्या बाजूनं एक. २०१९ मध्ये केरळच्या शाळांत पाणी पिण्याची वेगळी घंटा सुरू झाली आणि मागोमाग कर्नाटकातही आली. घंटा झाली की मुलगे गटागट पितात. सहावी-सातवीच्या मुली ओठ ओले करतात आणि झाकण लावतात. का, ते प्रत्येक बाईला माहीत आहे, शाळेच्या संडासाला जावं लागू नये म्हणून. अक्का, बाटली कुठल्याही धातूची घ्या, पण संध्याकाळी ती किती रिकामी होऊन येते ते बघा. भरलेलीच परत येत असली तर शाळेत येऊन बाटलीबद्दल नाही, संडासाबद्दल भांडा. मी आतून साथ देईन.

अनगोळची_अक्का
बुधवार, संध्याकाळी ६.००

बाई, डोळ्यात पाणी आणलात. पाऊण बाटली परत येते. मला वाटायचं पोर विसरते.

हलग्याचा_पाटील
बुधवार, रात्री ८.२०

बाटलीचा विषय निघालाच आहे तर लग्नाचं पण बोला. परवा एका कार्यालयात गेलो, पंगतीत प्रत्येक पानापुढं पाव लिटरची बाटली. दोन घोट घ्यायचे आणि ठेवायची. आठशे पानं. हे सगळं शहराच्या कचऱ्याबरोबर तुरमुरीच्या कचरा डेपोला जातं, आणि वास तिथल्या लोकांनी घ्यायचा. २०२२ च्या १ जुलैपासून देशभर एकदा वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली, पण त्या यादीत चमचे, ग्लास, स्ट्रॉ आहेत, पाण्याची बाटली नाही. आमच्या पुतणीच्या लग्नात मी अडून बसलो. पिंप, स्टीलचे जग, वाढपी पोरं. व्याही म्हणाले, 'बरं दिसणार नाही'. दिसलं बरं.

उद्यमबागवाला
बुधवार, रात्री ८.५०

पाटील, बरोबर. पण आहेरात बाटल्या देणं पण थांबवा. स्टीलची एक बाटली करायला प्लास्टिकच्या बाटलीच्या कितीतरी पट ऊर्जा जाते, भट्टी मी रोज बघतो. ती वर्षानुवर्षं वापरली तरच फिटते. कपाटात नऊ ठेवल्या तर त्यापेक्षा मागवाल्याची कोल्ड्रिंकची बरी म्हणायची वेळ येते.

वडगावचा_माग
बुधवार, रात्री ८.५५

बघा, मी काय म्हणत होतो!

निवृत्त_मास्तर
बुधवार, रात्री ९.००

बुळबुळीत.

अनगोळची_अक्का
शनिवार, रात्री ९.१५

मंडळी, आज लेकीला घेऊन बाजारात गेलो. तिला गुलाबी पाहिजे होती, वर नळी, बाजूला बटण. मी नखानं रबर काढायला गेलो तर नखच मोडलं. तिनंच मग दुसरी उचलली. एकेरी स्टील, ७५० मिलि, आयएसआयची खूण आणि १७८०३ आहे, चष्मा लावून वाचलो. झाकण पण स्टीलचं, आट्याचं, आत एकच रबर, ते निघतं आणि बसतं. माझी मूठ जात नाही, तिची जाते. गुलाबी नाही म्हणून घरी आल्यावर तिनं त्याला जुन्या ओढणीची पिशवी शिवायला सांगितली. शिवलो.

हिंडलग्याच्या बाईंना: सोमवारी आम्ही तिघी आया शाळेत जाणार आहोत.

आता माझी जुनी साडेपाचशेची. ती टाकवत नाही. झाकण घेऊन कुकर दुरुस्तीवाल्याकडं गेलो, तो म्हणाला एवढा बारीक वॉशर नाही, कुठल्यातरी नळाचा बसवून देतो. काळा होता, रबराचा वास मारत होता. घेतलो नाही. उद्यमबागवाले अण्णा, मशीनचं सील जातं म्हणालात, ती सील मिळतात तिथं हे मिळेल काय?

उद्यमबागवाला
शनिवार, रात्री ९.४०

नाही घेतलात ते बरं केलात. काळा असतो तो बहुतेक नायट्राइल रबराचा, तेलाला आणि मशीनला ठीक, तोंडाला लावायच्या बाटलीला नको. आपल्याला पांढरा किंवा पारदर्शक सिलिकॉनचा लागेल, अन्नासाठीच्या प्रतीचा. आमच्या शेजारचा सीलवाला मागवतो, दूध डेअरीवाले त्याच्याकडनंच नेतात. एक-दोन नगांसाठी तो हलणार नाही, पन्नासेक झाले तर मागवेल. माप असं घ्या: झाकणातल्या खाचेची बाहेरची कड ते बाहेरची कड, मग खाचेची रुंदी, मग खोली. मिलिमीटरमध्ये. शाळेची पट्टी चालेल, व्हर्नियर असला तर उत्तम.

अनगोळची_अक्का
शनिवार, रात्री ९.५५

४६, ३, ३. लेकीनं कंपासपेटीतल्या पट्टीनं घेतलंय, दोनदा.

निपाणीची_सुमती
शनिवार, रात्री १०.०५

माझ्या दोन आहेत. एक ४६ चीच, एक ५२. निपाणीला कसं पाठवणार?

उद्यमबागवाला
शनिवार, रात्री १०.१०

कोल्हापूरच्या गाडीच्या कंडक्टरकडं देऊ की, पाकिटातनं. सगळ्यांनी मापं इथंच टाका, बुधवारपर्यंत. खडेबाजारवाल्यांनी पण आपल्या गिऱ्हाइकांची टाकावीत.

खडेबाजारातलं_दुकान
शनिवार, रात्री १०.३०

माझ्याकडं परत आलेल्या झाकणांचं खोकं आहे. उद्या रविवार, बसून मोजतो. तीस तरी निघतील.

कणकुंबीकर
शनिवार, रात्री १०.४५

माझा तांब्या धरू नका. त्याला फक्त कल्हईवाला हवाय, कुणाला माहीत असेल तर सांगा. आमच्याकडं येणारा म्हातारा तीन वर्षांत आलेला नाही.

वडगावचा_माग
शनिवार, रात्री ११.००

अण्णा, ४६ चा एक मला पण. बाटली अजून घेतलो नाही. वॉशर आधी घेऊन ठेवतो.